मोठ्याने वाचणाऱ्याला खोली

नवीन पनवेलला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनावावरून काही चाचपूनही बघितलं नाही. त्यांनी विचारलं, "मोठ्याने वाचता येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे तोंडाने. आवाज काढून."

मी हो म्हणालो. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि चार घड्या घातलेला एक कागद माझ्यासमोर धरला. नव्या कुकरच्या खोक्यात निघतं तसलं माहितीपत्रक होतं. मी उभ्या उभ्या वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

"'झाकण लावण्यापूर्वी' असं लिहिलंय. तू 'लावायच्या आधी' म्हणालास."

"अर्थ तोच आहे."

"अर्थ माझा मी बघेन. तू लिहिलंय ते वाच."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हताच. माझ्या डोक्याच्या थोडं वर, बंद ट्यूबलाइटच्या दिशेने होता. त्यांना दिसत नव्हतं. मी गोंधळून विचारलं, "मग तुम्हाला कळलं कसं?"

"कागद पाठ आहे मला. वीसेक जणांनी वाचलाय. त्यातल्या चौघांना खोली दिली."

पाचवा मी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोडाउनच्या ऑफिसात मला नोकरी लागली होती. भाडं आसपासच्या खोल्यांपेक्षा कमी होतं आणि अट एकच होती. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायचं, ते देतील ते पुस्तक मोठ्याने वाचायचं. टेबलावर रेकॉर्डर चालू असायचा. आजारी असलो तर सुट्टी, कंटाळा आला तर नाही. रविवारी वाचन बंद, कारण रविवार वाटपाचा.

सामान घेऊन राहायला आलो त्या दिवशी मी त्यांना "काका" म्हटलं. ते ताडकन म्हणाले, "मी तुझा काका नाही. घरमालक आहे. भाडं घेतो, पावती देतो. मालक म्हण." आंधळ्या माणसाला लोक चटकन काका करून टाकतात, मामा करून टाकतात, हाताला धरून रस्ता ओलांडून देतात, मग तो ओलांडायचा असो वा नसो, हे त्यांचं त्यामागचं म्हणणं मला पुढे समजलं. त्या दिवशी नुसताच धसका बसला. शेजारच्या खोलीत माझ्यासारखाच एक भाडेकरू होता, तळोज्याच्या औषध कारखान्यात कामाला. त्याने मला सांगितलं, "डरना मत. फक्त शब्द नको बदलूस."

मालक मूळचे उरणकडचे. घरच्यांची हयात मिठागरांवर गेली. ते बाविसाव्या वर्षी आंधळे झाले. एकदम नाही, दोन वर्षं थोडं थोडं करत नजर गेली. मग टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेऊन एका सरकारी कचेरीत तीस वर्षांच्या वर बोर्ड सांभाळला. जमिनीच्या वाटणीतून आलेल्या पैशांत पहिल्या मजल्यावरचे दोन लागून असलेले फ्लॅट घेतले. एकात स्वतः, एकात भाडेकरू. लग्न केलं नव्हतं. उरणहून बहीण सुकट आणि जवळा पाठवायची. तो भाजला की अख्ख्या जिन्याला कळायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा वासाबद्दल तक्रार केली, तेव्हा मालकांनी शांतपणे विचारलं, "आवडला नाही, की तुम्हाला दिला नाही म्हणून रागावलात?" बाईंना हसू आलं आणि दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच वाटी घेऊन आल्या.

त्यांची भाषा एकदम स्वच्छ होती. "ही बोर्डावरची मराठी," ते म्हणायचे. "पलीकडे साहेब असतो." पण राग आला की त्यांच्या बोलण्यातून उरण वर यायचं. मी माणदेशातला. बोलताना माझ्या तोंडी पानी, लोनी यायचं. पहिल्याच आठवड्यात वाचताना मी 'पानी' म्हणालो आणि त्यांनी रेकॉर्डर बंद केला. मी म्हणालो, "आमच्याकडं असंच बोलतात."

"आमच्याकडंही असंच बोलतात. माझी आई मरेपर्यंत पानीच म्हणाली. तू बोलताना काय हवं ते म्हण, मी एक शब्द बोलणार नाही. पण पुस्तकात ण असेल तर ण. पुस्तक तुझं नाही, माझंही नाही. ज्याने लिहिलं त्याचं आहे आणि जो ऐकणार त्याचं आहे."

ऐकणार कोण, ते मला पहिल्या रविवारी दिसलं.

मालकांच्या बैठकीत एका फळीवर वायफायचा राउटर होता. त्याच्या मागच्या बाजूला यूएसबीची एक खाच होती आणि त्या खाचेतून निघालेल्या वायरच्या टोकाला काडेपेट्यांचं पुडकं असावं एवढी, काळी हार्ड डिस्क. सहा-सात वर्षांच्या संध्याकाळी तिच्यात साठल्या होत्या. कथा-कादंबऱ्या होत्या, पण त्या कमी. जास्त काय, तर बँकेच्या परीक्षेची गाइडं, रेल्वे भरतीचे प्रश्नसंच, बारावीचं अर्थशास्त्र, बागकामाचं एक पुस्तक, मधुमेहाच्या आहाराचं एक, वारस नोंदीचे फॉर्म कसे भरायचे त्याची पुस्तिका. कुणी काय मागेल ते. रविवारी दुपारी तीनपासून मंडळी यायला लागायची. कळंबोलीहून, करंजाड्याहून, एक जोडपं थेट आपट्याहून. पांढऱ्या काठ्यांची टकटक जिन्यावरून वर यायची. बैठकीत सात-आठ जण मावायचे, बाकीचे जिन्याच्या पायऱ्यांवर. सगळे आपापला फोन त्या वायफायला जोडायचे आणि डिस्कमधली पुस्तकं फोनमध्ये उतरवून घ्यायचे. फोल्डरांना नावाआधी आकडे होते, म्हणजे शोधायला सोपं. फोनमधली, स्क्रीन वाचून दाखवणारी बाई प्रत्येकाला आधी सांगायची, "लायब्ररी. इंटरनेट नाही."

"बरोबर बोलते बाई," मालक म्हणायचे.

इंटरनेटची वायर त्यांनी मुद्दाम काढून ठेवली होती. मी नवा असताना शहाणपणा केला. म्हणालो, "एवढा त्रास कशाला? सगळं नेटवर टाकू. ज्याला हवं तो घरबसल्या घेईल." ते म्हणाले, "टाकलं होतं." एक संस्था त्यांच्याकडे आली होती. चाळीस पुस्तकं घेऊन गेली, फोटो काढले, वेबसाइट केली. दोन वर्षांनी वेबसाइट बंद, फोन उचलायला कुणी नाही. आणि दुसरं म्हणजे एक पुस्तक उतरवायला जेवढा डेटा लागतो तेवढा या मंडळींच्या फोनमध्ये आठवडाभर पुरवायचा असतो. "इथे फुकट आहे, वेगात आहे, आणि बंद पडलं तर कोणाला शिव्या द्यायच्या ते माहीत आहे."

एकदा ते बंद पडलंही. फोनला लायब्ररी दिसायची, आत पुस्तकं दिसायची नाहीत. मी डिस्क घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने ती लावून बघितली, मान हलवली आणि नवीन घ्यायला सांगितलं. मी येऊन ते सांगितलं. मालकांनी डिस्क पुन्हा राउटरला लावायला लावली आणि ती कानाला धरली, फोन धरावा तशी. एक मिनिट, दोन मिनिटं. मग म्हणाले, "मेलेली नाही. उपाशी आहे. फिरायला लागते, दम जातो, थांबते. पुन्हा फिरायला लागते. राउटर तिला पोटभर देत नाही." ते स्वतः माझ्याबरोबर दुसऱ्या दुकानात आले. तिथल्या पोराला त्यांनी तो आवाज तोंडाने काढून दाखवला, "टिक्, सूंऽऽ, टिक्." त्याने विजेचा वेगळा पुरवठा असलेला एक छोटा हब मध्ये जोडायला दिला. डिस्क सुरळीत चालू झाली. पहिल्या दुकानापाशी आलो तेव्हा मालक थांबले आणि आत तोंड करून म्हणाले, "जिवंत आहे बरं का!" आणि चालू लागले.

आता मला जे सांगायचं नाही ते सांगतो.

वैशाली नावाची एक मुलगी कळंबोलीहून यायची. जन्मापासून दृष्टी नाही. वडील ट्रक टर्मिनलला ड्रायव्हर. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला बसत होती आणि तिच्यासाठी एक जाडजूड गाइड वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यात बैठक व्यवस्थेचं प्रकरण होतं. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, अमुक तमुकच्या डावीकडून तिसरा, तमुकचं तोंड बाहेर. असली पानंच्या पानं. महिनाअखेर होती, गोडाउनमध्ये दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते. आमचा नियम असा, की प्रत्येक पान संपलं की पानाचा आकडा बोलायचा. त्या संध्याकाळी मी एकशे सत्त्याण्णव वाचलं, चौदा पानं एकदम उलटली, आणि पुढच्या पानाला एकशे अठ्ठ्याण्णव म्हटलं. मालक समोर बसले होते. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

परीक्षेला नऊ दिवस असताना वैशाली रविवार नसताना आली. दारातूनच म्हणाली, "पान एकशे सत्त्याण्णवनंतर गडबड आहे. एक्केचाळीस ते अठ्ठावन्न या प्रश्नांची उत्तरं आहेत. प्रश्नच नाहीत."

मालकांनी मला बोलावलं. मी म्हणालो, "छपाईत चूक असेल."

त्यांनी कपाटातून गाइड काढलं, तळोज्यावाल्या भाडेकरूला हाक मारली आणि म्हणाले, "पान एकशे अठ्ठ्याण्णव वाच." त्याने वाचलं. आठ माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत. तो माझ्याकडे न बघता वाचत राहिला. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि त्या खोलीत मला बघू शकणारा एकच माणूस होता, तरी सगळे बघताहेत असं वाटत होतं.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. वैशाली म्हणाली, "माझी आई मला वाचून दाखवते. कंटाळली की सांगते, वैशू, आज पुरे. तुम्ही पण सांगायचं होतं."

मी सामान बांधायला घेतलं. मालक दाराशी आले. "कुठे?"

"जातो मी."

"जाऊन सोपं करतोस होय? बस."

त्यांनी रेकॉर्डर चालू केला. ती चौदा पानं मी वाचली. पण त्याआधी त्यांनी माझ्याकडून एक वाक्य बोलून घेतलं, ते मला आजही शब्दशः येतं. "इथे मी चौदा पानं वाचली नाहीत आणि पानांचे आकडे खोटे सांगितले. आता वाचतो." आणि पुढे माझं पूर्ण नाव. ते वाक्य त्या फाइलीत तसंच आहे. किती फोनांमध्ये गेलं असेल, मोजदाद नाही. मी एकदा ते पुसायची विनंती केली. मालक म्हणाले, "कशाला? चांगलं वाचलंयस."

वैशाली त्या वर्षी पास झाली नाही. त्या पानांमुळे की आणखी कशामुळे, मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. पुढच्या वर्षीसाठी नवं गाइड आलं तेव्हा मालकांनी ते शेजारच्या खोलीत द्यायला उचललं. ती म्हणाली, "नको, यांच्याकडेच द्या. यांना सवय झाली." मी ते अडीच महिन्यांत संपवलं. दोन संध्याकाळी मी मध्येच थांबून "आज पुरे" म्हणालो, आणि मालकांनी एक अक्षर न बोलता रेकॉर्डर बंद केला.

त्याच सुमाराला सोसायटीचं प्रकरण सुरू झालं.

आमचे चेअरमन वाईट माणूस नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटी अंगावर घेतली होती. गच्चीची गळती, पाण्याचा पंप, सगळं नेटाने बघायचे. पण एका रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात कुणाच्या तरी काठीला अडखळल्या. लागलं नाही, पण बोभाटा झाला. मग पार्किंगमधून एक सायकल गेली. सायकल मंगळवारी गेली होती, तरी बोलणं रविवारच्या लोकांवर आलं. जिन्याखाली नोटीस लागली. मी ती मालकांना वाचून दाखवली, शब्द न बदलता: "बाहेरील अंध व्यक्तींनी जिन्यामध्ये बसू नये."

"डोळस बसले तर चालतात?" मालकांनी विचारलं.

मीटिंगला कागद वाचायला म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. चेअरमन फार सौम्यपणे बोलले. "तुमच्याबद्दल आम्हा सगळ्यांना सहानुभूती आहे..."

"ती नोटिशीत लिहायची राहिली."

"तसं नाही हो. पण तुमचं वायफाय उघडं असतं. कोणाही बाहेरच्या माणसाने येऊन काही पाठवलं, तर उद्या पोलीस आपल्या दारात."

"त्यातून काही जात नाही आणि काही येत नाही. नेटची वायरच काढलीय. तुम्ही घरी या, हात लावून बघा."

सेक्रेटरी म्हणाले, "आणि पुस्तकं अशी वाटणं म्हणजे पायरसी आहे."

"ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठी कायद्यात सूट आहे. कलम ऐकायचं असेल तर रेकॉर्ड केलेलं आहे. फोल्डर नंबर नऊ."

लोक हसले. पण हसून झाल्यावर हात वर करायची वेळ आली, तेव्हा हात वर झाले. मी मोजत होतो आणि मालक माझ्याकडे कान करून होते. बाहेरच्यांनी जिन्यात बसायचं नाही, असा ठराव झाला. सुकट न्यायला वाटी घेऊन येणाऱ्या बाईंचाही हात वर होता. ते मी मालकांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा?" मी म्हणालो, "वर." त्यांनी एवढंच म्हटलं, "हं."

घरी आल्यावर ते म्हणाले, "जिना त्यांचा. घर माझं. खिडकी कोणाची?"

खिडकीखाली सोसायटीचं कुंपण, कुंपणापलीकडे फुटपाथ आणि फुटपाथवर बसथांबा, त्याला लांबच लांब सिमेंटचा बाक. बस तिथे तासातून दोनदा यायची. मी राउटर खिडकीत ठेवून फोन घेऊन खाली गेलो. लायब्ररी दिसली, पण पुस्तक अर्ध्यात तुटायचं. मग लोखंडी पट्टीवर राउटर खिडकीबाहेर लटकवला. पुस्तकं नीट उतरायला लागली. तो रविवार झकास गेला. सोमवारी दुसरी नोटीस आली: बाहेरील भिंत ही सोसायटीची मालमत्ता असून तिच्यावर काहीही लावण्यास मनाई आहे.

मला वाटलं, आता मालक खचतील. त्यांनी मला विचारलं, "तुझ्या त्या लोखंड बाजारात ट्रकची वायरिंग करणारे असतात ना? बारा व्होल्टवर हा राउटर चालेल का विचार."

चालत होता. इलेक्ट्रिशियनने एका जुन्या बॅटरीला राउटरची पिन बसवून दिली. डिस्कच्या हबला मोबाइलची पॉवर बँक पुरली. पुढच्या रविवारी पावणेतीनला मालक इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बाजाराची कापडी पिशवी, पिशवीत राउटर आणि डिस्क. मागून मी, बॅटरी उचलून. चेअरमन गॅलरीत उभे होते. मालकांनी वर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बाहेर चाललोय!"

थांब्याच्या बाकावर त्यांनी राउटर मांडीवर घेतला, डिस्क पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड उघडं, कारण डिस्क तापते. हिरवे दिवे लागले. मंडळी यायला लागली. काठ्या आल्या, फोन निघाले, बाई बोलली, "लायब्ररी. इंटरनेट नाही." अकरा जण एका ओळीत बसले, कानात तार घालून, फोन पुढे धरून.

तिथेच एक गृहस्थ बसची वाट बघत उभे होते. हातात बॅग, कपाळाला गंध, चेहरा मायाळू. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग खिशातून दहाची नोट काढून त्यांनी अलगद मालकांच्या पिशवीत टाकली.

नोट डिस्कवर पडली. तेवढ्या आवाजाने मालक उभे राहिले. राउटर हातात, त्याची वायर ताणली गेली, मी ती धरली.

"उचल! उचल ते! आमी काय भीक मागाला बसलो नाय! लायब्ररी हाय ही! तुमी लायब्ररीत जाऊन पैसे टाकता काय टेबलावर?"

ते गृहस्थ लालबुंद झाले. त्यांनी घाईघाईने नोट काढून घेतली. "माफ करा, मला वाटलं..."

"काय वाटलं ते म्हाईत हाय." मालक दम घेत होते. मग हळूहळू त्यांची बोर्डावरची मराठी परत आली. "तुम्हाला काही द्यायचंच आहे ना? मोठ्याने वाचता येतं का?"

त्यांना येत होतं. वैशालीकडे सामान्य ज्ञानाची एक छापील पुस्तिका होती, कालच मिळालेली. तिने फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. गृहस्थ बाकाच्या टोकाला बसले, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. नद्या आणि त्यांची उगमस्थानं. बस आली. त्यांनी मान वर केली, पुस्तिकेकडे बघितलं आणि बोटाने ओळ धरून पुढे वाचायला लागले. बस गेली. सहा पानं वाचून ते पुढच्या बसने गेले. जाताना मालकांना म्हणाले, "माझा आवाज बरा आहे का?"

"थोडी घाई करता," मालक म्हणाले. "पण चालेल."

असे पाच महिने गेले. आमच्या सोसायटीतले लोक रविवारी बाजार करून यायचे तेव्हा त्या बाकावरूनच जायचे. काही मान खाली घालून जायचे. काही थांबायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा थर्मासमधून चहा आणला. मालकांनी तो घेतला, पण विचारलं, "वहिनी, हात वर केला होता ना?" त्या म्हणाल्या, "हो." मालकांनी कप पुढे केला. "साखर कमी आहे."

पुढच्या मीटिंगला आम्ही गेलो नाही. काय झालं ते नंतर कळलं. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मी हात वर केला होता. तो मी खाली घेते." मग आणखी एक-दोघं बोलले. चेअरमनांनी बराच वेळ आजींचं अडखळणं सांगितलं, तर आजीच म्हणाल्या, "मला काही झालं नव्हतं रे, तूच घाबरलास." ठराव रद्द झाला.

रविवारी चेअरमन स्वतः थांब्यावर आले. हातात कागद. मालकांना हळूच म्हणाले, "ठराव बदललाय. आता सगळे वर या. इथे असं रस्त्यावर बसणं बरं दिसत नाही."

"कोणाला?" मालक म्हणाले. "बरं ते जाऊ द्या. लेखी आहे?"

"आहे ना. हा काय."

"मग वाचा. मला एकट्याला नको. ठराव या सगळ्यांबद्दल होता."

चेअरमनांनी इकडेतिकडे बघितलं. थांब्यावर बसची वाट बघणारे पाच-सहा लोक होते. त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं. अंध व्यक्तींना जिन्यामध्ये बसण्यास केलेली मनाई मागे घेण्यात येत आहे, अशा अर्थाचं दोन परिच्छेदांचं. पहिल्यांदा आवाज बसला, रिक्षा गेल्या, कुणाला ऐकू आलं नाही. मालकांनी परत वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यांनी चांगलं वाचलं. मला वाटतं, वाचता वाचता त्यांनाही ते प्रथमच नीट ऐकू आलं असावं, कारण शेवटी ते स्वतःहून म्हणाले, "आणि त्या पहिल्या नोटिशीतला तो 'अंध' शब्द... तो नको होता. चुकलं."

मालक बाकाकडे वळले. "ऐकलंत? आता काय करायचं? जायचं वर?"

आपट्याचे गृहस्थ म्हणाले, "पायऱ्या एकवीस आहेत." कुणीतरी म्हणालं, "इथे वारा लागतो." वैशालीने कानातली तार काढली. तिला त्याच महिन्यात बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं होतं, ती आता स्वतःसाठी येतच नव्हती. वाचलेलं मोजून, नावं देऊन फोल्डरात लावायचं काम करायची. ती म्हणाली, "वर जायचं तर कुणीतरी हो म्हणावं लागतं. आज म्हटलं, उद्या परत नाही म्हणतील. इथे कुणाला विचारावं लागत नाही."

मालकांनी मान डोलावली. चेअरमनांच्या हातातला कागद त्यांनी मागून घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"कागद ठेवतो. आभारी आहे," ते म्हणाले. मग मांडीवरचा राउटर नीट करत, कसलाही राग नसताना, घरच्या भाषेत म्हणाले, "पण आमी हितंच बरे हाव. जिना तुमालाच ऱ्हाऊ द्या."